जित्या माणसाचा फोटो

यवतमाळ जिल्ह्यात आपण होऊन कुणी जात नाही. बदली झाली तर जातात, मुलगी तिकडे दिली असेल तर जातात. आम्ही हौसेने निघालो तेव्हा पुण्यातल्या आमच्या शेजारणीने काळजीने विचारलं होतं, "का हो, तिकडे तुमचं कुणी आजारी आहे का?" आजारी माणूस आमच्याच घरात होतं. आमच्या ह्यांना फोटोंच्या पुस्तकांचं दुखणं जडलं होतं.

ह्यांच्या मुंबईच्या एका मित्राकडे विलायती फोटोग्राफरांच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट आहे. त्यातलं एकेक जाडजूड पुस्तक हे घरी आणायचे आणि जेवणाचं ताट निवेपर्यंत पानं उलटत बसायचे. मीही डोकावायची. एकाने आयुष्यभर नुसते दर्यावरचे कोळी काढले होते. एकाने न्हाव्यांची दुकानं, एकाने वाळत घातलेले कपडे. एका साहेबाने तर नुसते रिकामे जिने काढून त्यांचं दोनशे पानांचं पुस्तक केलं होतं, आणि ते लोकांनी विकतही घेतलं होतं. हे मात्र दिवसेंदिवस खिन्न होत चालले. म्हणायचे, जगातले सगळे विषय संपले, मला काही उरलंच नाही. मी म्हटलं, माझ्या पोळ्यांचे काढा, एकीचा आकार दुसरीला नाही. त्यांनी ते थोडा वेळ खरंच मनावर घेतलं होतं.

शेवटी त्यांचं ठरलं, की वऱ्हाडातल्या बंजारा बायका काढायच्या. आरशांच्या चोळ्या, कोपरापर्यंत बलोये, म्हणजे हस्तिदंती बांगड्या. फोटो ह्यांचे आणि मजकूर माझा, असं पुस्तक करायचं. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता आणि वेचणीला आलेला कापूस सगळीकडे फुटला होता. प्रवासाबद्दल इतकंच सांगते, की यवतमाळहून पुढे मोटारीत माझ्या मांडीवर एक अनोळखी कोंबडी होती आणि तिचा मालक शेवटपर्यंत कळला नाही.

पांढरकवडा

हे गाव नागपूर-हैदराबाद सडकेवर आहे. दिवसभर ट्रक जातात आणि त्यांची धूळ चहाच्या कपात उतरते. आम्ही डाक बंगल्यात उतरलो आणि जेवायला एका बाईंच्या खानावळीत जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. तिला इकडे सोल्याची आमटी म्हणतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी सांगितलं, की आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. खानावळवाल्या बाईंचा वाढता हात थांबला. "गूळ? आमटीत? काहून, घरात कोनी बिमार हाये का?" पुण्याच्या सगळ्या लोकांना बिमार समजण्याची इकडे रीतच असावी.

ह्यांना रोल धुवायला अंधारी खोली हवी होती, म्हणून आम्ही सडकेवरच्या गफूर मास्तरांच्या स्टुडिओत गेलो. मास्तर साठीच्या घरातले, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अखंड. ह्यांचा कॅमेरा त्यांनी आधी उलटासुलटा पाहिला, मग सांगितलं की काच चांगली आहे पण हात हवा, आणि तो कोणाचा ते काही सांगितलं नाही. मग स्वतःचा हात दाखवायला त्यांनी मोठा आल्बम माझ्या पुढ्यात ठेवला.

मी पानं उलटत गेले. म्हातारे, बाया, एक फेटेवाला, एक कोवळी मुलगी. सगळे खुर्चीवर ताठ बसलेले, मागे पांढरं धोतर टांगलेलं, आणि डोळे मोठे, सरळ माझ्याकडे लागलेले. पोज देताना माणूस अवघडतो, तसं यातलं कुणी अवघडलं नव्हतं. मला मनापासून आवडले ते फोटो. मी म्हटलं, "मास्तर, किती शांत चेहरे आहेत हो."

"शांत राहनारच, बाईसाहेब. मयत हायेत."

मला वाटलं त्या एका पानाबद्दल म्हणताहेत. मी विचारलं, "हे आजोबा?"

"सगळेच. गावातले लोक लग्नाचा काढतात, मॅट्रिकचा काढतात. पन तांड्यावरून बोलावनं आलं, का कोलामाच्या पोडावरून, थ्यायच्या वस्तीवरून आलं, तं समजाचं कोनी तरी गेलं. जितेपनी तिकडं कोनी फोटो काढत नाही. मेल्यावर एक काढतात, भितीले लावतात."

"पण डोळे उघडे आहेत."

"थे मी लिवले," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी केसासारखा बारीक ब्रश मला दाखवला. मिटलेल्या पापणीवर ते बुबुळ काढतात, त्यात चुन्यासारखा पांढरा ठिपका देतात की नजर जिवंत होते. "पाहा, माहा फोटो कधी हालत नाही. जिता मानूस लई तकलीफ देते."

मांडीवरचा आल्बम मी कसा खाली ठेवला ते आठवत नाही. अर्धा तास मी मेलेल्या माणसांशी नजर मिळवत बसले होते आणि मला त्यांची नाकं, त्यांच्या पगड्या आवडत होत्या. मी बाहेर येऊन उन्हात बाकावर बसले. मागून हे आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. म्हणाले, "अगं, हा विषय कुणाच्याच पुस्तकात नाही." मी म्हटलं, "मग मजकूरही त्या मास्तरांकडूनच लिहून घ्या." त्यावर सडकेच्या कडेला आमचं चांगलं भांडण झालं आणि चहावाल्याने ते दोन कप होईपर्यंत ऐकलं. आधी जिवंत माणसं काढायची, मेलेल्यांचं मग बघू, या बोलीवर ते मिटलं.

तांडा

तांडा गावापासून दोन कोसांवर. बंडीने, म्हणजे बैलगाडीने गेलो. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. आता त्यांची शेतं आहेत, घरं आहेत, पण वस्तीला तांडाच म्हणतात आणि आपसात बोलायला त्यांची वेगळी गोरबोली आहे. आमच्याशी ती वऱ्हाडी बोलत. नायकांनी, म्हणजे तांड्याच्या मुख्याने, बाज टाकून आम्हाला बसवलं. बायका पाणी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या चोळ्यांच्या आरशांनी माझ्या लुगड्यावर उजेडाचे ठिपके नाचले. ह्यांनी कॅमेरा बाहेर काढला मात्र, अंगण ओस पडलं. एका बाईने तर कडेवरचं पोर ओढणीत गुंडाळून धूम ठोकली. नायक नम्रपणे म्हणाले, "पोरायले नका काढू, साहेब."

गफूर मास्तरांचं बोलणं तेव्हाच आमच्या ध्यानात यायला हवं होतं. पण शहाण्या माणसांना वाटतं तसं आम्हाला वाटलं, की लाजतात, भितात, सवय होईल.

जेवण नायकांकडे होतं. नवसाचा बोकड कापला होता. आम्ही शाकाहारी नाही, त्यामुळे ऐट होती. वाटीत काळपट, घट्ट, मसालेदार काहीतरी आलं. भाकरीला तिथे बाटी म्हणतात. त्या बाटीशी मी ते आवडीने खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं. मग नाव विचारलं. सळोई. कशाची करतात तेही विचारलं, आणि कळलं की बोकडाच्या रक्ताची. तोंडातला घास ना गिळता येई ना टाकता. समोर बसलेली एक म्हातारी माझं तोंड बघून हसू दाबत होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

ती केसलीयाडी. याडी म्हणजे आई. तांडाभर सगळे तिला तेच म्हणत. जेवणं झाल्यावर ती ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माहा काढा."

हे हरखले. तिला त्यांनी तिच्या दारात, उन्हात, आपल्या मनासारखं उभं करायला पाहिलं. पण म्हातारीचं सगळं आधीच ठरलेलं होतं. तिने नायकांकडची एकुलती एक खुर्ची आणवली. मागे पांढरं धोतर टांगलं. हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली आणि डोळे लावले ते लावले, पापणी हलवीना. हे म्हणाले, "आजी, जरा हसा."

"हसाचा नाही काहाडत," ती म्हणाली.

फोटो कुणासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लेकाले धाडाचा हाये. हैद्राबादेले." तिचा मुलगा गोपा तिकडे इमारतीच्या कामावर होता. चार वर्षांत घरी आला नव्हता. मी तिला म्हटलं, तुमचा फोटो बघून त्याला किती बरं वाटेल. केसलीयाडीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती खुर्ची परत द्यायला गेली.

दुपारी तिची सून चांदी हिच्याबरोबर मी कापूस वेचायला गेले. वेचायला म्हणजे तिने वेचायचा आणि मी बोंडांच्या काट्यांनी बोटं रक्ताळून घ्यायची. चांदी असेल पंचवीसेक वर्षांची. तिचे भाऊ तिला कायमचं माहेरी न्यायला येणार होते. नवरा सोडून गेल्यासारखाच आहे, तिला दुसरं घर बघू द्या, असं त्यांनी नायकांपाशी मागितलं होतं आणि पंचायतीने कबूलही केलं होतं. हे तिने मला बातमी सांगावी तसं सांगितलं.

"मग तू जाणार?"

"कायले जाऊ? भाऊ येतीन तं हात जोडून वापस धाडीन." कापूस ओटीत टाकत ती नवऱ्याबद्दल म्हणाली, "थ्यायचा ठेकेदार लई खराब हाये, बाई. सोडतच नाही. दिवाळीले निरोप आलता. थ्यायले येताच येत नाही, तं थ्यायचा काय कसूर? लोक बोलतात. बोलू द्या."

नवऱ्याचा राग तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता. माझा नवरा फोटोच्या नादात संध्याकाळचा चहा विसरला तर मी दोन दिवस धुसफुसते. मला तिच्यापुढे उगाच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी केसलीयाडी फोटो न्यायला आमच्या मागोमाग पांढरकवड्याला आली. गफूर मास्तर किल्ली ठेवून कुठल्याशा मयताला गेले होते. ह्यांनीच लाल दिव्यात फोटो छापला. ओला कागद तारेवर लावला तेव्हा मी चमकले. पांढरं धोतर, खुर्ची, ताठ मान, न हलणारी नजर. मास्तरांच्या आल्बममध्ये ठेवला असता तर कुणाला वेगळा ओळखू आला नसता. मी ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "तिला तसाच हवा होता." सोबत दोन ओळी लिहून देऊ का, असं मी केसलीयाडीला विचारलं. "नाही. थ्याले वाचता येत नाही." फोटो पदराखाली घेऊन ती सडकेवरच्या हॉटेलात गेली, तिथे थांबलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरशी बोलली, आणि हैदराबादकडे जाणारा ट्रक धुळीत दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली.

वणी

मधले दोन दिवस आम्ही वणीकडे काढले. तिथे एकीकडे कोळशाची खाण आणि जवळच चुन्याच्या भट्ट्या. सुट्टी झाली तशी खाणीतून काळी माणसं बाहेर आली आणि भट्ट्यांवरून पांढरी, आणि दोन्ही एकाच टपरीवर चहा प्यायला बसली. काळ्यांचे डोळे पांढरे, पांढऱ्यांचे डोळे लाल. चुन्याने भाजलेले हात एका बाईने मला दाखवले, बांगड्या दाखवाव्यात इतक्या सहज. मी तिला तेल लावतेस का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तेल भाजीले पुरत नाही."

ह्यांनी धडाधड रोल संपवले. त्यातला एक त्यांनी घाईत उन्हातच उघडला आणि तो पार पांढरा झाला. तरी स्वारी खूष होती. विषय मिळाला, चुना आणि कोळसा, असं म्हणत होते. मी म्हटलं, परवा मेलेली माणसं होती, काल बंजारा बायका होत्या, एकदा ठरवा. मला आता हे पुस्तक, हे विषय, सगळ्याचाच कंटाळा येऊ लागला होता. दुसऱ्याच्या भाजलेल्या हाताकडे बघताना उजेड कुठून येतो हे पाहायचं, हे मला जमत नव्हतं. पण तांड्यावर काढलेले शेतांचे, बैलांचे फोटो नायकांना देतो असा शब्द ह्यांनी दिला होता, म्हणून परत जाणं भाग होतं.

पुन्हा तांडा

बंडी तांड्याजवळ आली तशी रडणं ऐकू आलं. पुरुषाचं रडणं, गळा काढून. बंडीवाल्याने बैल थांबवले. माणसं केसलीयाडीच्या घरापुढे जमली होती. माझ्या मनात एकच आलं, की म्हातारी गेली, आणि आम्ही फोटो काढला म्हणून गेली. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी इथे लिहिते आहे, पण त्या क्षणी तो पूर्ण बसला होता.

माणसांनी वाट दिली आणि मी पाहिलं, तर दारात केसलीयाडी उभी होती. जिवंत. तिच्यापुढे जमिनीवर एक धिप्पाड माणूस बसला होता, डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला. तो तिचे पाय चाचपत होता, सोडत होता, पुन्हा चाचपत होता.

नायक आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "गोपा हाये. काल दुपारी ड्रायव्हरनं फोटो देल्ला. याडीनं थ्याले सांगतलं होतं, काई बोलू नको, नुस्ता हातात दे. फोटो पायला आन हा समजला, याडी गेली. तिकडंच डोकं भादरलं, ट्रकवर बसला, सकाळी इथं."

आता गफूर मास्तरांचं बोलणं माझ्या कानात नीट शिरलं. जितेपणी फोटो काढत नाहीत. खुर्ची, धोतर, उघडे डोळे. त्या मुलाने पत्र वाचावं तसं ते वाचलं होतं. आम्ही दोघं पुस्तकी माणसं, जगभरचे फोटो पाहिलेली, आणि आपण काय काढतो आहोत ते आम्हाला कळलं नव्हतं.

गोपाची नजर ह्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली. तो उठला आणि त्याने पट्टाच धरला. "तुमी काढला? माह्या जित्या मायचा?" ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नायक मध्ये पडले. केसलीयाडी जागची हलली नाही. ती म्हणाली, "साहेबायले सोड. थ्यायले काई मालूम नोतं. म्या काढाले लावला."

"काहून, याडी?"

"उद्या चांदीचे भाऊ येतात तिले न्याले. किती निरोप धाडले तुले? जितीसाठी तू येत नोता. मंग मेली."

गोपा खाली बसला. आईचा राग करावा की ती आहे म्हणून देवाचे आभार मानावेत, ते त्याचं त्याला समजत नव्हतं. मग त्याने ओल्या तोंडानेच हसून डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता आलो ना. राह्यतो." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी चहा ठेवायला धावलं. केसलीयाडीने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, पाहिलंस ना, अशी. मीही रडत होते. अशी युक्ती एखादी आईच करू जाणे, असलं काहीतरी मी मनातल्या मनात लिहायलाही घेतलं होतं.

तेवढ्यात चांदी शेतातून आली. नवरा आला, कसा आला, हे सगळं कुणीतरी तिला बांधावरच सांगितलं असणार. ओटीतला कापूस तिने दारात सोडला आणि तोंडावर ओढणी ओढून घेतली. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची तिथे रीत नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं, "बाई, हैद्राबाद इथून किती दूर हाये?"

मी नकाशा पाहून निघालेली बाई. म्हटलं, "ट्रकने एक रात्र लागत असेल."

"एक रात," ती म्हणाली. "हे काल दुपारी तिकडं होते?"

"हो."

"ठेकेदारानं सोडलं?"

मी गोपाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मले वाटत होतं लई दूर असन," चांदी म्हणाली. "कोनाले येताच येत नसन."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत एक गाठोडं होतं. भावांची तिने वाट पाहिली नाही. केसलीयाडी तिला आडवी गेली, गोरबोलीत काहीतरी भराभर बोलली, हात धरला. चांदीने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, हळूच हात सोडवून घेतला आणि कापसाच्या शेतांमधल्या वाटेने निघाली. तिला थांबवायचं नायकांनाही सुचलं नाही. माझा नवरा कॅमेरा पोटाशी धरून उभा होता, हातात तापलेलं भांडं असावं तसा.

गोपा तिच्यामागे चार पावलं गेला आणि परत आला. आईच्या शेजारी उंबऱ्यावर बसत तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे, याडी. मी तुह्यासाठी आलो ना."

केसलीयाडी वाटेकडे बघत होती. ती म्हणाली, "माह्यासाठी कोनं बोलावलं होतं तुले?"